चेहरा दुसऱ्याने करायचा

"अहो ताई! थांबा... तुमचा पाय राहिला!"

बसमधून उतरलेली सगळी माणसं जागच्या जागी थबकली. सगळ्यांनी आधी आपापले पाय पाहिले, मग तिचे. तिचे दोन्ही पाय जागेवर होते. दिवसभर खुर्चीत बसून सुजलेले, पण होते. मागून एक उंच, किडकिडीत माणूस छत्री काखोटीला मारून धावत येत होता आणि त्याच्या हातात खरोखरच एक पाय होता. कापडी, वीतभर लांब, लाल मोजा घातलेला, मांडीशी टाका उसवलेला.

तिने पिशवीत डोकावून पाहिलं. बाहुली होती, पण लंगडी.

"सॉरी," ती म्हणाली. "तुमची गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

बोलून गेली आणि जीभ चावली. वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. कुणाचं मशीन पाणी ओकायचं, कुणाचं बटणं गिळायचं. यातलं एकही मशीन हिने बिघडवलेलं नव्हतं, तरी सकाळपासून माफी मात्र हीच मागत असायची. संध्याकाळपर्यंत ते वाक्य तोंडात इतकं बसायचं की कुणाचा धक्का लागला तरी तेच बाहेर पडायचं.

"आम्ही म्हणजे?" त्याने गंभीरपणे विचारलं. "तुम्ही आणि हा पाय?"

तिला हसू आलं, पण उशिरा. आताशा तिचं सगळंच उशिरा यायचं, हसूही आणि रडूही. चार पावलं पुढे गेल्यावर ती एकटीच खुदकन हसली. बघते तर तो शेजारूनच चालत होता.

"तुम्ही इकडे कुठे?" तिने विचारलं.

"वाचनालयाच्या माडीवर. बाहुल्या करायला." त्याने तिच्याकडे पाहिलं. "हसा, हसा. माझा धाकटा भाऊही हसतो."

"मी पण तिथेच निघालेय."

"अरे वा!" तो म्हणाला. मग जरा थांबून, "मग ते मघाचं 'ताई' मी परत घेतो. घाईत म्हटलं गेलं."

खरं सांगायचं तर तिला बाहुल्यांचं काडीचं वेड नव्हतं. वेड होतं ते तिच्या आईला. बाहुली मंडळात आई कित्येक वर्षं जात होती. मग सांधे धरले, बोटं वाकडी झाली आणि सुई हातात ठरेना. शेवटची बाहुली अर्धीच राहिली. "माझ्या जागी तू जा," आई म्हणाली. "तेवढी पुरी कर. शेजारच्या मावशी शनिवारी बसतील माझ्याजवळ." शनिवार संध्याकाळ ही तिची आठवड्यातली एकुलती एक मोकळी संध्याकाळ होती. तीही गेली. पण आईच्या बोटांकडे पाहून नाही म्हणवेना.

मंडळ चालवायच्या चित्रकलेच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्यांचा एकच कडक नियम होता. बाहुली ज्याची त्याने करायची, पण तिचा चेहरा दुसऱ्याने करायचा.

"स्वतःच्या बाहुलीला माणूस स्वतःचंच तोंड काढतं," बाई म्हणायच्या. "आरशात ते रोज बघतोच की. आपण दुसऱ्याला कसे दिसतो, ते कधी कळणार?"

चेहऱ्यासाठी बाई जोड्या लावून द्यायच्या. हिची जोडी त्या पायवाल्याशी लागली. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा, म्हणून मंडळात सगळे त्याला चष्मेवाला म्हणायचे. त्याने हिचं नाव दिलगीरबाई ठेवलं. आठवड्याभरात बाईंसकट सगळे तिला त्याच नावाने हाक मारू लागले.

त्याची स्वतःची बाहुली म्हणजे एक बाहुला होता. एक हात आखूड, एक लांब आणि पोट भलतीकडेच.

"हा असा का?" तिने विचारलं.

"बस पकडतोय. त्याचा एक हात दांड्याला आहे."

"आणि पोट?"

"पोटावर बोलू नका. ते माझ्यावर गेलंय."

"तुम्हाला कुठेय पोट?"

"बघा, म्हणजे बघितलंत की!"

ती लाजली आणि दोरा ओवायला खाली वाकली. सुईच्या नेढ्यातून दोरा काही जाईना. त्याने हात पुढे केला. ओवून परत देताना सुई अगदी सावकाश दिली, टोक स्वतःकडे ठेवून.

"डोळे कसे करू तुमच्या बाहुलीचे?" त्याने विचारलं.

"उघडे. मोठे. टवटवीत."

"टवटवीत..." तो तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिला. जरा जास्तच वेळ.

"असे काय बघताय? नंबर तपासताय?"

"सवय आहे हो," तो म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

गप्पा अशा रंगायच्या आणि मध्येच तिला डुलक्या यायला लागायच्या. माडीवर ऊब असायची, बाहेर पावसाची भुरभुर, कुणी तिच्यावर ओरडत नसायचं. ती टेबलावर हात ठेवायची, हातावर गाल... आणि संपलं. जाग यायची तेव्हा गालावर मोजपट्टीची खूण उमटलेली असायची. कात्री तिच्या कोपराजवळून कुणीतरी लांब सरकवलेली असायची. अर्धी राहिलेली शिवण पुरी झालेली असायची, इतक्या वाकड्या टाक्यांनी की कुणी घातले ते विचारायलाच नको. ती मुकाट्याने ते उसवायची आणि पुन्हा घालायची. एकदा मात्र उसवले नाहीत. तसेच राहू दिले.

आणि मग एका शनिवारी बसथांब्यावर त्याने छत्री या हातातून त्या हातात केली.

"मला तुमच्याशी... म्हणजे शनिवारीच असं नाही... रोज बोलायला आवडेल. कायमचं."

तिला ते गोड वाटलं. ते तिला कळलंसुद्धा. पण त्यामागोमाग थकवा आला, नेहमीसारखा, आणि त्या गोडव्यावर बसला.

"तुम्ही चांगले आहात," ती म्हणाली. "फार चांगले आहात. पण मी दिवसभर लोकांचं ऐकते. घरी गेले की आईची आंघोळ, जेवण, औषधं. अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा माझ्यात काही म्हणजे काही उरलेलं नसतं. आता आणखी एक माणूस सांभाळायचं... नाही झेपायचं मला."

त्याने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "तुमच्या बाहुलीचा चेहरा माझ्याकडे आहे, तेवढा पुरा करतो. चेहऱ्यांच्या दिवशी येतो. त्यानंतर नाही येणार. समोर नुसतं बसून राहणं... ते मला नाही झेपायचं."

चेहऱ्यांचा दिवस मंडळात मोठा असायचा. लांब टेबलावर सगळ्या बाहुल्या रुमालाखाली झाकून ठेवायच्या. बाई एकेकाला बोलवायच्या, रुमाल उचलायचा आणि ज्याची त्याला बाहुली मिळायची, दुसऱ्याने दिलेल्या चेहऱ्यासकट. बेकरीवाल्या काकूंच्या म्हातारीला सुरेख खळ्या मिळाल्या. त्यांनी तिचा मुका घेतला. मग हिची पाळी आली.

त्याने रुमाल उचलला.

बाहुलीचे डोळे मिटलेले होते. पापण्यांच्या दोन बारीक काळ्या रेघा, ओठ किंचित विलग.

"अगं बाई!" बेकरीवाल्या काकू म्हणाल्या. "ही गेली की काय?"

कुणीतरी फिस्कन हसलं. तिचा चेहरा तापला.

"मी उघडे सांगितले होते."

"हो..."

"टवटवीत सांगितले होते!"

"हो, पण मी जेव्हा—"

"मी इथे झोपते ते सगळ्यांना दिसतं. ते असं टेबलावर मांडायची काही गरज नव्हती!"

आता तिची पाळी होती, त्याच्या बाहुल्याचा चेहरा दाखवायची. तिने पिशवीतून तो काढला. चेहरा कोराच होता. रोज आज करू, आज करू म्हणत राहिला होता, आणि ही शरम मघापासून तिला टोचत होती. निम्मा राग तिचा तिच्यावरच होता.

"माझ्याकडून झालाच नाही," ती म्हणाली. "तुमची गैरसोय झाली त्याबद्दल..."

"राहू दे तुमच्याकडेच," तो म्हणाला. त्याने छत्री उचलली आणि जिना उतरून गेला.

घरी आईने बाहुली मांडीवर घेतली. वाकड्या बोटांनी तिचा झगा सारखा केला. कितीतरी वेळ पाहत राहिली.

"कुणी केला चेहरा?"

"त्या चष्मेवाल्याने. काकू म्हणाल्या, मेल्यासारखी दिसते."

"काकूंना पावातलं कळतं," आई म्हणाली. "ही झोपलीय गं. बघ ना, कपाळावर एक आठी नाही. शेजारी कुणीतरी जागं आहे हे ठाऊक असलं की माणूस असं झोपतं. लहानपणी माझ्याजवळ तू अशीच झोपायचीस. मला वाटलं, आता विसरलीस." मग बाहुलीचा गाल दिव्याकडे वळवून म्हणाली, "आणि हे काय आहे? दोरा उसवलाय का?"

ती वाकली. गालावर फिक्या गुलाबी दोऱ्याची एक बारीकशी आडवी रेघ होती आणि तिच्यावर नखाएवढ्या उभ्या खुणा. मोजपट्टी. जवळून पाहिल्याशिवाय दिसणारसुद्धा नाही इतक्या नाजूक टाक्यांनी काढलेली. सरळ शिवण घालता न येणाऱ्या माणसाने ती कशी काढली असेल, किती वेळा उसवली असेल...

तिला रडू आलं. या वेळी वेळेवर आलं.

आईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "माझं करताना तू दमतेस, ते मला दिसतं. पण म्हणून प्रत्येक माणसाला उचलून न्हाणीत न्यावं लागतं, असं नाही बाई. काही माणसं आपल्या पायांनी चालतात."

त्या आठवड्यात तक्रारींचे फोन घेता घेता तिने बाहुल्याचा चेहरा केला. कानाला फोन, मांडीवर बाहुला. एक गृहस्थ आपल्या मशीनने खाल्लेल्या सदऱ्याबद्दल तावातावाने बोलत होते, तेवढ्यात उजवा डोळा पुरा झाला. "आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की गृहस्थ गोंधळले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

शनिवारी माडीवर त्याची खुर्ची रिकामी होती. ती बसलीच नाही. तशीच जिना उतरली आणि चष्म्याच्या दुकानात गेली.

तो एका चष्म्याची दांडी सरळ करत होता. तिला पाहून ती पुन्हा वाकडी झाली.

"या... नंबर वाढला का?"

"तक्रार आहे."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल. आज गैरहजर होतात."

त्याने चष्मा खाली ठेवला. "गैरसोय झाली असेल तर... दिलगीर आहे."

"झाली. बरीच झाली." तिने पिशवीतून बाहुला काढून काचेवर ठेवला. त्याचे डोळे टक्क उघडे होते, एक थोडा मोठा, एक थोडा लहान. नाकावर तांब्याच्या तारेचा चष्मा.

"बापरे! हा एवढा घाबरलाय कशाला?"

"घाबरला नाही. जागा आहे," ती म्हणाली. "ती झोपते. मग शेजारी कुणी जागं नको का?"

त्याने स्वतःचा चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"मला तुम्ही हवे आहात," ती घाईघाईने म्हणाली, थांबली तर राहून जाईल म्हणून. "पण मी दमलेली असणार. शनिवारीच नाही, रोज. ते काही बदलायचं नाही."

"मी पण दमतो हो," तो हळूच म्हणाला. "दिवसभर वर बघा, खाली बघा, पापणी मिटू नका. संध्याकाळी माझेच डोळे उघडे राहत नाहीत. पण डोळे तपासणाऱ्याला ते कोण विचारतं?"

हे तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. चष्म्याशिवाय त्याच्या डोळ्यांखाली दोन काळी वर्तुळं होती, अगदी तिच्यासारखी.

"चला," ती म्हणाली. "आज तुम्ही खिडकीशी बसा."

बसमध्ये तिने पिशवी मांडीवर घेतली. सकाळपासून तिच्यात असलेली बाहुली आणि नुकताच आत गेलेला बाहुला, दोघांची डोकी बाहेर. दुसरा थांबा यायच्या आत त्याची मान कलली आणि डोकं तिच्या खांद्यावर आलं. चष्मा नाकावरून घसरला. तिने तो अलगद काढला, दांड्या मिटल्या आणि मुठीत धरून ठेवला. आता ओझं वाटेल, आता वाटेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. खांदा अवघडला. पण ओझं काही वाटेना. उलट, कितीतरी महिन्यांनी तिला जागं राहावंसं वाटत होतं.

काचेवरून पावसाचे ओघळ उतरत होते. तिचा थांबा आला आणि गेला.

"ताई, तुम्ही नेहमी इथे उतरता ना?" कंडक्टरने विचारलं.

"जाऊ द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "झोप लागलीय त्यांना."

"कुणाला?" खांद्यावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच.

"झोपा गुपचूप. शेवटच्या थांब्यावर उठवते."

"आणि मग?"

"मग याच बसने परत यायचं," ती म्हणाली. "येताना मी झोपणार आहे."