किलबिलीतलं पाचवं नाव

घरचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून येणाऱ्या दहा फोनांपैकी सात दयानंद फोनवरच मिटवायचा. स्क्रीन काळी असेल तर मागची केबल काढून घट्ट बसवा. नुसतं बीप-बीप वाजत असेल तर रॅमची पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं पुसा, परत लावा. तारीख सारखी मागे जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल बदला. प्रिंटर अडला तर रांगेतली जुनी कामं काढून टाका. नांदेडात बावीस वर्षं हा धंदा करून तो एका मतावर ठाम झाला होता. मशीन आपल्या मनानं काही करत नाही. माणूस काहीतरी करतो आणि विसरतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कंधारहून वर्षाराणीचा फोन आला. ती घरीच लग्नपत्रिका बनवायची. नांदेडहून आणलेल्या रंगीत कोऱ्या पत्रिकांवर काळा मजकूर छापून द्यायची. शंभर-दोनशे पत्रिकांची कामं मोठे प्रेसवाले घेत नसत, ती तिच्याकडे येत.

"भाऊ, पत्रिकेत एक नाव आपोआप येऊन राहिलंय."

"कुठं?"

"तळाला. किलबिलमध्ये."

पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं लिहून घरातल्या लेकरांची नावं देतात, ती किलबिल. किशनराव नावाच्या गिऱ्हाईकानं दोनशे पत्रिका परत आणून टाकल्या होत्या. किलबिलीत चांगुणा असं नाव छापून आलं होतं. त्यांच्या घरात त्या नावाचं लेकरू नव्हतं, आणि आजकाल ते नाव कोणी ठेवतही नाही.

दयानंद लोह्यावरून जाणाऱ्या बसनं कंधारला उतरला. समोरच्या खोलीत कूलर, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि भिंतीवरच्या तारेला खोचलेल्या चिठ्ठ्या होत्या. गिऱ्हाईक हातानं मजकूर लिहून आणतं, ती चिठ्ठी वर्षाराणी काम झाल्यावरही फेकत नसे. दोष त्याला दहा मिनिटांत सापडला. २०१२ साली केलेल्या एका पत्रिकेवर ती प्रत्येक नवी पत्रिका चढवत होती. जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची, नव्या नावानं ठेवायची.

"ताई, बारा वर्षं तुम्ही एकाच मांडवात साऱ्या तालुक्याची लग्नं लावून राहिलात," तो म्हणाला. "जुनं वऱ्हाड उठायचं कधी?"

वर्षाराणी हसली. "सगळेच असं करतेत, भाऊ."

"म्हणून तर माझं पोट चालतंय."

त्यानं सगळ्या फाइलींत चांगुणा हे नाव शोधलं. तीनशे बेचाळीस पत्रिकांत ते एकदाही नव्हतं. हे त्याला पटलं नाही, पण त्यानं जुनी फाइल काढून टाकली, प्रिंटरची रांग रिकामी केली, कोऱ्या पानावर नवा साचा करून दिला आणि दोन पत्रिका छापून पाहिल्या. नावं बरोबर होती. वर्षाराणीची सात वर्षांची सृष्टी खुर्चीच्या हाताला रेलून बघत होती. "काका, ह्याच्यात गेम टाका की," एवढंच ती म्हणाली. त्यानं टाकून दिला.

पाचव्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी वर्षाराणी हळू आवाजात बोलत होती. "भाऊ, फोनवर सांगण्यासारखं न्हाई. या तुम्ही."

तो पोचला तेव्हा अकरा वाजले होते. तिनं तारेवरची एक चिठ्ठी आणि एक छापील पत्रिका त्याच्यासमोर ठेवली. गिऱ्हाईक बसलिंगप्पा, बाजारातले किराणा दुकानदार. चिठ्ठीत लेकरांची पाच नावं होती. पत्रिकेतही पाचच होती. पण चिठ्ठीतल्या शिवांशच्या जागी पत्रिकेत चांगुणा होती.

"मी शिवांशच टाइप केलं होतं. माफी मागायला बोलावलं त्यांना, तर म्हणाले, पत्रिका बरोबर हाय की. म्हटलं, काका, शिवांश राहिला. तर म्हणाले, कोण शिवांश?"

"चिठ्ठी दाखवली?"

"दाखवली. म्हणाले, अक्षर तर माझंच हाय. काय लिवलो की."

दयानंदनं दुसऱ्याच्या चुकीवर कधी तर्क लढवला नव्हता, तो जाऊन बघायचा. बसलिंगप्पांचं घर दुकानाच्या मागेच होतं. पत्रिकेत एक नाव तपासायचंय, असं त्यानं सांगितलं. त्यांच्या सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीच्या रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक रेघेशी नाव होतं. शिवांशच्या नावाच्या चार रेघा होत्या, शेवटची गेल्या दिवाळीची.

"ह्या रेघा कुणाच्या, ताई?"

सुनेनं चौकटीकडे पाहिलं. "असतील पहिल्यापासूनच्या. आमचं ध्यानच न्हाई तिकडं."

"लेकरं किती घरात?"

"पाच."

अंगणात कडुलिंबाखाली लेकरं चिंचोके खेळत होती. त्यानं मोजली. पाच होती. चौघं वर बघून हसली. पाचवी, त्याच्याकडे पाठ करून बसलेली, चिंचोके गोळा करत राहिली.

तो भर उन्हात वर्षाराणीकडे परत आला.

"आता पुढची पत्रिका कुणाची?" त्यानं वर्षाराणीला विचारलं.

"माझ्या भावाची. चाकूरची. चारच्या गाडीनं आमचे हे घेऊन जाणार. उद्या सकाळी पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची, मग गावात वाटायच्या."

"किलबिलमध्ये?"

"भावकीतली चौघं." ती थांबली. "अन् आपली सृष्टी."

दयानंदनं बसलिंगप्पांची पत्रिका टेबलावर पालथी ठेवली.

"ती ओळच काढून टाकू," दयानंद म्हणाला.

"मामाच्या लग्नात भाचीचं नाव न्हाई? माहेरात मला जन्मभर ऐकावं लागंल, भाऊ. अन् पोरगी महिनाभरापासून वाट बघून राहिली."

पिवळ्या फ्रॉकमधली सृष्टी दारात उभी होती. कालच पडलेल्या दाताच्या फटीत तिची जीभ फिरत होती. "माझं नाव मोठ्या अक्षरात टाका, काका."

दयानंदनं घड्याळ पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं. त्यानं जुनी हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली, पिशवीतली नवी कोरी बसवली आणि सगळं पहिल्यापासून भरलं. प्रिंटर पुसला. इंटरनेटची वायर उपटून ठेवली. मजकूर वर्षाराणीच्या चिठ्ठीवरून स्वतः टाइप केला, पाचही नावं एकेक अक्षर मोजत. शेवटचं नाव सृष्टी. मग एक स्टूल ओढून स्वतःजवळ ठेवलं.

"इथं बस. निघंल ती पत्रिका उचलायची अन् मोठ्यानं मोजायची. जागचं हलायचं न्हाई."

"किती मोजायच्या?"

"दीडशे."

ती मोजू लागली. प्रत्येक पत्रिका तो आधी स्वतः वाचत होता. सृष्टी. सृष्टी. सृष्टी. पन्नास झाल्या, ऐंशी झाल्या. स्वयंपाकघरात वर्षाराणी भाकरी थापत होती. कूलरचा वास, गरम कागदाचा वास, आणि शेजारी दाताच्या फटीतून शिट्टीसारखे निसटणारे आकडे.

एकशे बारावर पत्रिका अडकली.

नेहमीचीच भानगड. मागचं झाकण उघडायचं, कागद दोन्ही हातांनी सरळ ओढायचा, झाकण लावायचं. तो प्रिंटरच्या मागे वाकला. अर्धं मिनिट लागलं असेल. कागद न फाटता निघाला. नाव बरोबर होतं. पाठीमागून एकशे बारा, असा आवाज आला. त्यानं झाकण लावलं, छपाई पुन्हा सुरू झाली. एकशे तेरा. एकशे चौदा.

तो वाचत राहिला. नाव एकदाही चुकलं नाही.

एकशे पन्नास.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. दयानंदनं मान मोकळी केली. बऱ्याच दिवसांनी एखादं काम नीट झाल्यासारखं त्याला वाटलं. वर्षाराणी पदराला हात पुसत आली. त्यानं वरची पत्रिका तिच्या हातात दिली.

"बघा. दीडशेच्या दीडशे."

तिनं बोट ठेवून तळाची ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"भाऊ, शेवटचं नाव चुकलं की."

"कसं चुकंल? तुमच्या चिठ्ठीवरून घेतलं." त्यानं चिठ्ठी पुढे केली.

तिनं चिठ्ठी पाहिली. "अक्षर माझंच हाय," ती म्हणाली. "पण सृष्टी कोण?"

एकशे बारापासूनचे आकडे स्वच्छ आले होते. शिट्टी नव्हती, हे त्याला तेव्हा आठवलं.

त्यानं स्टुलाकडे मान वळवली.

सृष्टीचा पिवळा फ्रॉक घालून एक मुलगी तिथे बसली होती. मांडीवर पत्रिकांच्या कडा जुळवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ताई," दयानंद म्हणाला, "ही सृष्टी न्हाई."

"तेच तर म्हणून राहिले मी." वर्षाराणीनं टेबलावरचं काळं पेन उचललं. "जाऊ द्या, तुम्ही दमलात. मी हातानं सुधारते." ती खाली बसली आणि एकेका पत्रिकेवरचं नाव खोडून त्याच्यावर दुसरं लिहू लागली. तिचा हात भराभर चालत होता.

साडेतीनला, ती शेवटच्या गठ्ठ्यावर असताना, बाहेर स्कूटर थांबली. तिचा नवरा भागवत खताच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आला होता. घामेजलेला, घाईत. "झालं का? चांगुणा, चल गं. गाडी चुकंल."

"चांगुणालाबी नेऊन राहिलात?" वर्षाराणीनं मान वर न करता विचारलं.

"मग? तिच्याशिवाय मामा आत घेईल का मला?"

मुलगी उठली. दयानंदच्या गुडघ्याला तिचा फ्रॉक घासला. ती उंबऱ्यावर बसून चपला घालू लागली. भागवतनं पत्रिका पिशवीत भरल्या आणि स्कूटर वळवून घेतली.

चपला सृष्टीच्या रोजच्या वापरातल्या होत्या. आतल्या तळाला घामानं पावलाचा काळा ठसा उमटला होता, टाच, चवडा आणि पाचही बोटं. मुलीनं पाय आत सरकवला. तिची बोटं ठशाच्या मध्यापर्यंतच पोचली. वाकून पट्टा आवळायला तिला वेळ लागला, कारण बक्कल अडकवायचं भोक पुष्कळ आत हवं होतं, आणि तिथे अजून ते पाडलेलं नव्हतं.