पोळ्यातला वाटा

मध दाखवणारा पक्षी पोळ्यापाशी पोहोचला की गप्प होतो. वाटेत तो काडेपेटी हलवल्यासारखा किरकिरतो, झाडाझाडावरून पुढे जातो, मागे वळून पाहतो. पोळं आलं की मात्र खालच्या फांदीवर बसून राहतो. त्याचं काम झालेलं असतं.

शनिवारी सकाळी त्यानं आम्हाला असंच नेलं. काफुए अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नदीकाठी आमचे तंबू होते. मी, माझा नवरा कपाम्ब्वे आणि माझी कॉलेजातली मैत्रीण झोंडिवे. कपाम्ब्वेनं धूर केला, कुऱ्हाडीनं ढोली फोडली आणि सगळं पोळं बादलीत भरलं.

"पक्ष्याचा वाटा ठेव," झोंडिवे म्हणाली. पानावर एक तुकडा ठेवायचा, एवढंच असतं.

"त्याला म्हणावं, पगार महिनाअखेरीस," कपाम्ब्वे म्हणाला.

"तुम्ही बेंबा लोक माकडं सोडत नाही, मध काय सोडणार!"

"उंदीर खाणाऱ्या न्गोनी बाईनं मला शिकवू नये."

आमच्याकडे बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींना एकमेकांना असं बोलायची मुभाच आहे; कोणी मनाला लावून घेत नाही. पण झोंडिवे हसत नव्हती.

"वाटा नाही ठेवला तर पुढच्या वेळी तो हिंस्र जनावरापाशी नेतो."

कपाम्ब्वेनं ढोलीतलं मेणसुद्धा खरवडून घेतलं.

परतताना झोंडिवे माझ्यासाठी मागे थांबली. "घड्याळ उजव्या हातात कधीपासून?"

"डाव्या मनगटावर वळ आहे."

"मग सांगितलंस त्याला?"

"सांगेन."

"ईस्टरलाही हेच म्हणालीस. कासुबा, घर सोडायचं तर सोड. नाहीतर मला तरी वळ दाखवू नकोस, बाई."

प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासते. पाणी दूषित असेल तर तसं लिहून सही करते. तिथे माझा हात कधी अडखळत नाही.

रविवारी तोच पक्षी आला. पंखातल्या तुटक्या पिसावरून मी त्याला ओळखलं. कपाम्ब्वे चहा घेत बसला होता, म्हणून आम्ही दोघीच निघालो. पक्षी किरकिरत झाडीत शिरला. ऊन आधी पाठीवर होतं, मग गालावर आलं, मग थेट डोळ्यांत. पुढे धुराचा वास आला. तो आमच्याच चुलीचा होता.

पक्षी कपाम्ब्वेच्या खुर्चीवरच्या फांदीवर बसला आणि गप्प झाला.

"मिळालं का काही?" कपाम्ब्वेनं विचारलं.

"नाही."

त्याच्या पायाशी मधाची बादली होती. कारण उघड होतं. मी बादली उचलून दूर गाडीमागे ठेवली. कपाम्ब्वे दुर्बीण घेऊन नदीकडे गेला. थोड्या वेळानं पक्षी पुन्हा बोलावू लागला. आम्ही त्याच्यामागे गेलो. बादलीवरून तो न थांबता उडाला आणि आम्हाला नदीवर घेऊन गेला. कपाम्ब्वे ज्या झाडाखाली उभा होता त्यावर बसून गप्प झाला.

 

काठावर पुकू हरणं होती. काल ती आमच्या तंबूंमधून चरत फिरली होती. आज सगळी माना ताठ करून उभी होती आणि शिट्ट्या मारत होती. बिबट्या दिसला की पुकू असं करतात. दिसणाऱ्या बिबट्यापासून ती पळत नाहीत, त्याच्यावरची नजर हटवत नाहीत.

मी दुर्बीण मागून घेतली. गवत तपासलं, झुडपं तपासली. काही नव्हतं.

कपाम्ब्वे डावीकडे सरकला.

सगळ्या माना डावीकडे वळल्या.

"काय झालंय यांना?" तो हसला. त्याला मजा वाटत होती. सावलीत बसून त्यानं एक लांबलचक, सावकाश जांभई दिली.

"गाडीत चल," झोंडिवे माझ्या कानाशी म्हणाली.

"कुजबूज पुरे," कपाम्ब्वे म्हणाला. "कासुबा, इकडे ये."

शिट्ट्या थांबल्या.

मी पाहिलं. कळप आता माझ्याकडे पाहत होता.

मी जागची हलले नाही.

"कपाम्ब्वे," मी म्हणाले, "मी तुझ्याबरोबर घरी येणार नाही. आज नाही, आणि यापुढे कधीच नाही."