प्रभंजनमामाची बोलती बंद का झाली?

अमरावतीच्या प्रभंजनमामाने बोलणं बंद केलं, ही बातमी त्याच्या ओळखीच्या कुणालाच खरी वाटली नाही.

कशी वाटणार? लग्नापासून कविसंमेलनापर्यंत कुठल्याही कार्यक्रमात माइक हातात धरून बोलणं, हाच मामाचा व्यवसाय होता. घरी आला की तो विनामाइक बोलायचा. रस्ते झाडणाऱ्या यंत्रमानवालाही तो अडवून हालहवाल विचारायचा. यंत्रमानव बिचारा ऐकत उभा राहायचा आणि गल्ली तशीच राहायची. शेवटी महानगरपालिकेने मामाला समज दिली होती.

असा हा मामा आता चिखलदऱ्याच्या डोंगरावर एका टेबलाखाली डोक्यावरून घोंगडी घेऊन बसला होता. काहीही विचारलं तरी "हं" म्हणत होता. नाडी ठीक, रक्त ठीक, ताप नाही. मग त्याला झालं तरी काय?

हे कोडं सोडवलं त्याच्या भाचीने, शर्वाणीने. पण तिथवर जायचं तर थोडं मागून सुरुवात करायला हवी.

शर्वाणी बारा वर्षांची. ती स्वमग्न होती (स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणजे मेंदूची घडण जन्मापासूनच इतरांपेक्षा थोडी वेगळी असणं, हा आजार नव्हे). तिला आवाज, उजेड आणि वास इतरांपेक्षा जास्त जाणवायचे. ठरलेली गोष्ट ऐनवेळी बदलली की ती गोंधळून जायची. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं, तर त्याचे शब्द तिच्या डोक्यात शिरत नसत. शेवाळं आणि नेचे यांच्याबद्दल मात्र ती तासभर बोलू शकायची. समोरच्याने ऐकलं तर.

गेल्या वर्षभरात तिचं काहीतरी बिघडलं होतं. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. झोप लागायची नाही. शाळेतून आली की ती कोपऱ्यात मुटकुळं करून पडायची आणि आई बोलली तरी उत्तर द्यायची नाही. आईने तिला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर 'ऑटिझम' हा शब्द वाचला आणि पुढचं काही न विचारता ते म्हणाले, "स्वमग्न मुलांचं असंच असतं."

शर्वाणीने ते वाक्य शब्दशः धरलं. असंच असतं, म्हणजे असंच राहणार.

मामाचं मत वेगळं होतं. "काहून एवढं टेन्शन घेतं तू?" तो म्हणायचा. "जरा हसावं, डोळ्यांत पाहून बोलावं, चारचौघांत मिसळावं. त्यात काय कठीण आहे बाप्पा?"

त्याच सुमारास तुषार ग्रहावरचे पाहुणे चिखलदऱ्याला उतरले. अंगाने उंच, रंगाने पालेभाजीसारखे आणि कातडी सदा ओली. कोरडी हवा त्यांना सोसत नसे, म्हणून त्यांनी विदर्भातलं हे धुक्याचं, गार गाव निवडलं. त्यांना पृथ्वीवरच्या वनस्पतींचा अभ्यास करायचा होता आणि बदल्यात पाणी साठवून ठेवणारं एक बियाणं ते आपल्याला देणार होते. पण त्यांची एक अट होती. पृथ्वीच्या एका प्रतिनिधीने त्यांच्या घरात, त्यांच्या रीतीने राहायचं.

माणसांशी बोलण्यात हातखंडा असलेला कोण, असा शोध सुरू झाला आणि मामाची निवड झाली. दिवाळीच्या सुट्टीत हवापालट म्हणून त्याने शर्वाणीलाही सोबत नेलं. काळजी घ्यायला डॉ. कुंदा वाकोडे होत्या. त्या मनोविकारतज्ज्ञ (मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर) होत्या आणि त्यांचा मुक्काम पाहुण्यांच्या घराशेजारी एका तंबूत होता.

पहिल्याच दिवशी मामा पाहुण्यांचा प्रमुख इम्म याच्यासमोर हात जोडून, त्याच्या डोळ्यांत बघून, तोंडभर हसला आणि म्हणाला, "नमस्कार. कसं काय? प्रवास बरा झाला ना?"

सभागृहातल्या पाहुण्यांनी एकदम माना फिरवल्या. मग इम्मच्या गळ्यातली भाषांतराची पेटी बोलू लागली. "तुम्ही माझ्या डोळ्यांत बघितलंत. आमच्याकडे ते दुसऱ्याच्या नाकात बोट घालण्यासारखं आहे. प्रवासाचं म्हणाल तर सांगायला दीड दिवस लागेल. सुरू करू?"

"नाही नाही, मी आपलं सहज विचारलं," मामा म्हणाला.

"उत्तर नको असताना प्रश्न विचारला? म्हणजे खोटं बोललात." इम्म मामाकडे निरखून पाहू लागला. "आणि तुमचे दात का दिसतायत? पोटात कळ आली का?"

तुषार ग्रहावर दात फक्त पोटदुखीत दिसत. इम्म वैद्यही होता. त्याने लगेच एक हिरवा काढा मागवला. मामा तो प्यायला. कडूपणाने त्याचं तोंड वाकडं झालं, पुन्हा दात दिसले, आणि आणखी एक वाटी आली.

तिथून मामाचे हाल सुरू झाले. आदर दाखवायचा तर पाठीला पाठ लावून बसायचं. बोलताना हात हलवायचे नाहीत. समोरच्याचं बोलणं संपल्यावर बराच वेळ गप्प राहायचं, मगच आपण बोलायचं. मामाला तेवढ्या वेळात काय बोलायचं होतं तेच आठवेनासं व्हायचं. भिंतींतून सतत एक बारीक गुणगुण यायची. पाहुण्यांना ती अंगाईसारखी गोड वाटे, मामाच्या मात्र दाढेत ठणका भरायचा. दिवे लुकलुकत राहायचे. जेवणाची वेळ रोज बदलायची आणि कुणीही आधी सांगायचं नाही, कारण पाहुण्यांना ती हवेच्या वासावरून आपोआप कळायची. पाहुण्यांची पोरं मामाच्या मागून हात हलवत, दात दाखवत चालायची आणि मोठी माणसं तिकडे काणाडोळा करायची.

मामाने मनाशी ठरवलं की आपण शिकायचं. तो सकाळी आरशासमोर उभा राहून पाठ करू लागला, "हसायचं नाही. डोळ्यांत बघायचं नाही. 'बरं का' म्हणायचं नाही. हात खिशात." दिवसभर तो हे पाळायचा. संध्याकाळी खोलीत आला की गादीवर कोसळायचा. त्याची झोप उडाली. अन्न जाईना. एकदा शर्वाणीने चहा आणून दिला, तर कपाची दांडी डावीकडे आहे म्हणून मामाला रडू आलं.

शर्वाणीची गोष्ट नेमकी उलटी. पाहुणे रीतिभाती फक्त मोठ्यांना लावत. लहानांकडून त्यांची काही अपेक्षाच नव्हती. ती गुणगुण तिलाही सोसवत नव्हती, पण ती कानांवर आवाज अडवणारी मोठी कानझाकणं लावून फिरायची आणि त्याबद्दल तिला कुणी हटकत नव्हतं. दिवसभर ती दगडांवरची शेवाळं बघायची. इम्मने तिला एकदा शेवाळांबद्दल विचारलं आणि ती बोलत असताना तो दुपार होईपर्यंत पाठीला पाठ लावून ऐकत बसला. तिचं पोट दुखायचं थांबलं. ती गाढ झोपू लागली. चिखलदऱ्याची रबडी ती दोन वाट्या खायची.

"त्याच हवेत मामा वाळत चाललाय आणि भाची टवटवीत झालीये," डॉ. कुंदा डोकं खाजवत म्हणाल्या. "हे कसं काय?"

मग कराराचा दिवस आला. सगळे पाहुणे सभागृहात पाठ करून बसले. मामाने तुषारी रीतीने भाषण करायचं होतं. त्याने पहिलं वाक्य नीट म्हटलं आणि तो गप्प राहिला. गुणगुण चालू होती, दिवे लुकलुकत होते. गप्प राहण्याची वेळ संपता संपेना. अचानक मामाला हसू फुटलं. ते दाबता दाबता त्याचं रडू झालं. काढ्याची वाटी पुढे येताना दिसली तसा तो टेबलाखाली शिरला, आणि घोंगडी ओढून त्याने बोलणं बंद केलं.

इम्मने वाकून त्याला तपासलं. "पृथ्वीच्या माणसांचं असंच असतं," त्याची पेटी म्हणाली. "स्वभावच रडका. याला उपाय नाही. करार नको, आम्ही परत जातो."

शर्वाणी दाराशी उभी होती. ते वाक्य ऐकून तिला इतका राग आला की ती सरळ सभागृहाच्या मधोमध गेली. मग तिच्या लक्षात आलं की इथे लोकांकडे पाठ करून बोलायचं असतं. ते तर तिला सोपंच होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"मामा अमरावतीत असा नसतो," ती म्हणाली. "तिथे तो दिवसभर बोलतो आणि रात्री घोरतो. मामा तोच आहे, मग तिथे ठीक आणि इथे आजारी का? म्हणजे सगळं कारण मामाच्या आत नाही. त्याच्या स्वभावाला जे सोपं आहे ते इथे चूक ठरतं. तो हसू दाबतो, हात दाबतो, शब्द दाबतो. त्यात आवाजाने त्याला ठणका लागतो. पुढे काय होणार ते त्याला कळत नाही. मुलं त्याला चिडवतात. आणि त्याला त्रास झाला की तुम्ही म्हणता, यांचं असंच असतं. मग तो कुणाला सांगणार?"

एवढं बोलून ती थबकली. आपण हे मामाबद्दल बोलतोय की आणखी कुणाबद्दल, हेच तिला कळेना.

"मीसुद्धा तीच आहे," ती हळूच म्हणाली. "पण इथे माझं पोट दुखत नाही."

टेबलाखालची घोंगडी हलली. मामाचं डोकं बाहेर आलं.

"शर्वाणी, शाळेत तू हे असं करते? आधी सगळं तोंडपाठ करून जाते?"

"हो. आरशात बघून."

"रोज?"

"रविवार सोडून."

मामा टेबलाखालून बाहेर आला. तो तिच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने इम्मची पेटी बोलली. "गुणगुण बंद करता येते. तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही नाराज व्हाल म्हणून," मामा म्हणाला.

"आम्ही नाराज झालो तर 'नाराज झालो' असं सांगतो," इम्म म्हणाला आणि त्याने भिंतीवरची एक कळ फिरवली. सभागृहातल्या सगळ्या माणसांचे खांदे एकदम खाली आले.

त्या संध्याकाळी डॉ. कुंदांनी मामाला तंबूत नेलं. त्यांनी त्याच्याशी सविस्तर बोलून त्याची झोप, भूक, धडधड यांची चौकशी केली. त्याला चिंताविकार (धोका टळला तरी मन आणि शरीर सावधच राहणं) होऊ लागला होता. त्यावर उपचार सुरू झाले. मग त्यांनी शर्वाणीला जवळ बसवलं.

"तू बरोबर ओळखलंस," त्या म्हणाल्या. "स्वमग्न माणसांत चिंता आणि नैराश्य (सतत उदास वाटणं, आवडीच्या गोष्टींतही मन न लागणं) इतरांपेक्षा जास्त आढळतं. पण स्वमग्नता वेगळी आणि चिंता वेगळी. एक तुझी घडण आहे, ती बदलायची गरज नाही. दुसरीवर उपचार होतात. दिवसभर स्वतःला लपवून इतरांसारखं दिसत राहण्याला आम्ही मुखवटा घालणं म्हणतो. तो फार दमवतो."

"मग सगळा दोष बाहेरच्यांचा?" शर्वाणीने विचारलं.

"तितकं सोपं नाही. काही जणांचा चिंतेकडे कल जन्मतःच असतो. बदल सहन न होणं, आपल्याला काय वाटतंय ते शब्दांत न सापडणं, यांचाही वाटा असतो. म्हणून प्रत्येकाचं वेगळं तपासायचं. 'असंच असतं' म्हणून सोडून द्यायचं नाही."

"मला पण उपचार मिळतील?"

"मिळतील. तुझी शाळाही थोडी बदलावी लागेल."

कराराची सभा पुन्हा भरली. या वेळी अर्धा वेळ तुषारी रीत आणि अर्धा वेळ अमरावतीची, असं ठरलं. मामाने हात हलवून भाषण केलं. पाहुण्यांनी ते मोठ्या धीराने ऐकलं. मधेच दोघेजण दमून बाहेर धुक्यात जाऊन बसले आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बियाणं मिळालं.

सुट्टी संपल्यावर आई, मामा आणि शर्वाणी शाळेत गेले. दाराशी मामा थांबला. एरवी तो आत शिरल्याशिरल्या सुरू झाला असता.

"तू बोलते की मी बोलू?" त्याने विचारलं.

"आधी मी. दमले की तू," शर्वाणी म्हणाली.

मुख्याध्यापिका हिवरकरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काही गोष्टी लगेच झाल्या. वर्गात कानझाकणं लावायला परवानगी मिळाली. तास बदलणार असेल तर वर्गाच्या बाई आदल्या दिवशी सांगू लागल्या. दमल्यावर बसायला वाचनालयाचा कोपरा मिळाला. वर्षभर शर्वाणीच्या चालण्याची नक्कल करणाऱ्या मुलांना हिवरकरबाईंनी बोलावून घेतलं, आणि या वेळी काणाडोळा केला नाही. काही गोष्टी व्हायला वेळ लागला. शर्वाणी डॉ. कुंदांकडे जात राहिली. काही सोमवारी पोट अजूनही दुखायचं. पण आता ती ते सांगायची, आणि तिच्याशेजारी बसणारी मुक्ता शेवाळांच्या गोष्टी ऐकायला शिकली होती.

जून महिन्यात इम्मची धाकटी मुलगी शर्वाणीच्या वर्गात यायची होती. पालेभाजीच्या रंगाची, ओल्या कातडीची, डोळ्यांत न बघणारी. शाळेत एकच गडबड उडाली. हिवरकरबाईंनी शर्वाणीला बोलावून घेतलं.

"तुला त्यांच्या रीती माहीत आहेत. तिला आपल्या वर्गात बसवायचं म्हणजे आधी तिला काय काय शिकवावं लागेल?"

शर्वाणीने खिडकीबाहेर बघत नीट विचार केला. बाई गप्प राहून वाट बघत राहिल्या. तेवढं त्यांना आता जमू लागलं होतं.

"ती काय शिकेल ते नंतर बघू," शर्वाणी म्हणाली. "आल्यावर आधी तिला विचारू या, इथे काय काय टोचतंय."