दोन मीटर

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका. ज्या बाईच्या बाबतीत ती घडली ती आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहते. मला मिन्स्कमध्ये राहून पंचवीस वर्षं झाली, पण तिच्याइतकं मोजूनमापून बोलणारं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही.

तारीख १२ नोव्हेंबर १९९८. गुरुवार.

वेळ दुपारी चारची. नोव्हेंबरात आमच्याकडे त्या वेळेला दिवे लागलेले असतात.

तिचं नाव झोया पावलाव्ना. तेव्हा चौतीस वर्षांची होती. एका रुग्णालयात किरणं मोजायचं काम करायची. रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही.

थायरॉईडच्या कॅन्सरचा वॉर्ड होता तो. चेर्नोबिलच्या वर्षी जी पोरं लहान होती, ती मोठी होऊन तिथे यायची. गळ्यातली ग्रंथी कापून काढली तरी तिच्या चुकार पेशी अंगात लपून राहतात. त्यांना आयोडीनची हाव असते. म्हणून किरणोत्सारी आयोडीन पाजायचं. पेशी ते गिळतात आणि आतल्या आत जळतात.

पण तेवढे दिवस त्या माणसाच्या अंगातूनच किरणं निघत असतात. त्याला एकट्याला खोलीत ठेवायचं. जेवण दारातून आत सरकवायचं.

कुणाच्या अंगात आयोडीन किती वेळ टिकतं, यावर तिथल्या प्राध्यापकांचं संशोधन चाललं होतं. दर चार तासांनी झोयानं दार उघडायचं, रुग्णापासून बरोबर दोन मीटरवर काउंटर, म्हणजे किरणं मोजायचं यंत्र, धरायचा आणि आकडा लिहायचा. शोधनिबंधात तिचं नाव घालायचं प्राध्यापकांनी कबूल केलं होतं.

चार नंबरच्या खोलीत यानिना होती. वय एकोणीस. चेर्नोबिलजवळच्या खोइनिकीकडची. दुसऱ्या ऑपरेशनात तिच्या आवाजाची नस दुखावली होती. बोलायला तोंड उघडलं की नुसती हवा यायची. त्यामुळे खोलीतून बाहेर बोलायच्या इंटरकॉमचा तिला काही उपयोग नव्हता.

झोयानंच तोड काढली. खाटेच्या लोखंडावर चमचा वाजवायचा. एकदा म्हणजे ठीक आहे. दोनदा म्हणजे या.

पहिल्या दिवशी यानिनानं पाटीवर लिहून दाखवलं, "झोया मावशी, मी अंधारात चमकते का?"

"चमकलीस तर बरंच. आमचं विजेचं बिल वाचेल," झोया म्हणाली.

पोरगी हसली. आवाज न करता.

आता जे सांगायचंय ते झोयानं मला मान खाली घालून सांगितलं होतं.

तिला दिवस गेले होते. सहा आठवडे झाले होते. लग्नाला अकरा वर्षं, त्यात दोनदा गर्भ पडलेला. म्हणून या खेपेला तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वॉर्डात सांगितलं असतं तर त्याच दिवशी तिथून हलवलं असतं, आणि संशोधन संपायला दोनच महिने उरले होते. तेवढे काढू, असं तिनं ठरवलं.

आणि दार उघडणं बंद केलं.

त्या आठवड्यात वॉर्डात एकटी यानिनाच होती; आधीच्या रुग्णांचे आकडे पाहून ती अंदाजानं लिहायची. बाहेरच्या बाहेर.

त्या गुरुवारी चार वाजता ती कॉरिडॉरच्या टोकाला, आपल्या टेबलाशी होती. वहीत तिनं लिहिलं... चार नंबर, अडतीस, रुग्ण शांत.

शाई वाळायच्या आत चमचा वाजला.

दोनदा.

झोया उठली. दारापर्यंत गेली. हात कडीवर ठेवला, आणि दुसरा पोटावर.

दाराला उभी, अरुंद काच होती. यानिना खाटेवर बसलेली दिसली. एक हात गळ्याशी. ती काचेकडेच बघत होती.

झोया मागे फिरली. डॉक्टर पाच वाजता फेरीला येतीलच, असं स्वतःला सांगितलं. फोन उचलून बोलवावं, तर ते विचारणार, तू आत का नाही गेलीस?

ती कान देऊन बसली. चमचा पुन्हा वाजला नाही.

सव्वाचारला फोन वाजला. खोइनिकीहून यानिनाची आई. राईसा.

"कशी आहे माझी पोर?"

"झोपलीय," झोया म्हणाली.

पाच वाजता डॉक्टरांनी दार उघडलं. गळा आतून सुजला होता, श्वासाची वाट बंद झाली होती. यानिना गेली होती.

चौकशी झाली. डॉक्टरांनी वही दाखवली. चार वाजता झोया पावलाव्ना दाराशी होती, आकडा घेतला, रुग्ण शांत. त्यानंतर अचानक घडलं, कुणाचा दोष नाही. प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "नोंदी कशा ठेवाव्यात हे हिच्याकडून शिका."

झोया उभी राहिली आणि ऐकून घेतलं.

खोली दोनदा धुतली. गादी, चादरी, चमचासुद्धा नेऊन पुरला. पाच आठवडे कुलूप होतं. मग १७ डिसेंबरला खोली पुन्हा वापरता येईल का ते पाहायला झोयाला पाठवलं.

चार वाजले होते. तिनं दार उघडलं. रिकामी खाट, उघड्या पट्ट्या.

काउंटर चालू केला...

आधी काहीच नाही. मग एक टकटक. मग भरभर, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. काटा चढत गेला आणि थांबला.

अडतीसवर.

तिनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. अडतीस.

ती मागे सरकली. दुप्पट लांब गेलं की किरणं पावपट होतात, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. ती कॉरिडॉरमध्ये आली. दहा पावलं मागे... वीस पावलं...

काटा हलला नाही.

ती दोन पावलं पुढे झाली. काटा हलला नाही.

ते जे काही होतं, ते ती मागे गेली की पुढे यायचं आणि ती पुढे आली की मागे व्हायचं. अंतर तेवढंच ठेवून. दोन मीटर. ना कमी, ना जास्त.

"हेनाद्झ!" ती ओरडली.

यंत्रं दुरुस्त करणारा हेनाद्झ हातात सँडविच घेऊन आला. "काय झालं? उंदीर?"

तो आला तसा काटा खाली पडला. शून्याला टेकला. हेनाद्झनं खोलीभर फिरून पाहिलं. "इथे माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे. बाई, तुम्ही सुट्टी घ्या. चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

तो गेला. कॉरिडॉर रिकामा झाला.

टक... टक... टक...

त्या संध्याकाळी ती प्राध्यापकांच्या खोलीत गेली. सांगितलं की यानिनाचे आकडे तिनं मोजलेच नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. "एका मुलीच्या आकड्यांनी आलेखाची रेघ हलत नाही, झोया. घरी जा. हे माझ्याशी बोललीस ते बोललीस."

रविवारी पहाटे तिनं खोइनिकीची बस धरली.

राईसा स्वयंपाकघरात होती. दुसऱ्या दिवशी यानिनाचा चाळिसावा, म्हणजे गेलेल्याच्या नावानं जेवण घालायचा दिवस. पानावर वाढायची गव्हाची गोड खीर चुलीवर शिजत होती, एका बाजूला धिरड्यांची चळत. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्ही वॉर्डातल्या ना? बसा. एवढ्या लांबून आलात," राईसा म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तुम्ही शेवटपर्यंत तिच्याजवळ होतात."

झोया बसली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वही. खोटे आकडे. दोनदा वाजलेला चमचा. काचेतून बघणारी पोर. फोनवरचं "झोपलीय". फक्त पोटातल्या बाळाचं तिनं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर ती सबब झाली असती. नुसतं म्हणाली, "मला भीती वाटली. मी आत गेले नाही."

राईसा धिरडं उलटत होती. हात थांबला. तव्यावरचं करपायला लागलं तरी ती हलली नाही.

झोया वाट बघत होती. शिवी, थप्पड, काहीही.

राईसानं करपलेलं धिरडं काढून बाजूला ठेवलं. नवं पीठ घातलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "यानिना म्हणाली, 'मावशीला दिवस गेलेत, आई. तिनं पोटावर हात ठेवला होता. म्हणून मी पुन्हा वाजवलं नाही.'"

झोयानं खुर्चीची पाठ धरली. यानिना आत गेल्यापासून तिची नि आईची भेट झाली नव्हती. खोलीतून चिठ्ठी बाहेर जाऊ शकत नव्हती. त्या दुपारनंतर तर...

"कधी म्हणाली?"

राईसानं तिच्याकडे पाहिलं, जणू काय विचारतेय ते कळलंच नाही.

"परवा. इथे दारातच उभी होती. आत ये म्हटलं तर नको म्हणाली." मग अगदी साध्या आवाजात, "आवाज बरा झालाय तिचा."

निघताना राईसानं चार धिरडी कागदात बांधून तिच्या हातात दिली. "बसमध्ये खा. उपाशी राहू नकोस आता." झोयाला ती घ्यावी लागली. मिन्स्क येईपर्यंत तिनं ती मांडीवर धरून ठेवली होती.

तिनं वॉर्ड सोडला, शोधनिबंधातून आपलं नाव काढून घेतलं. पण तो छापून आला. यानिनाचे आकडे त्यात आहेत.

पुढे जुलैत तिला मुलगी झाली. ती आता सव्वीस वर्षांची आहे. जिना धडधडत उतरते. तिला यातलं काही माहीत नाही.

मी झोयाला एकदाच विचारलं, "नंतर पुन्हा कधी काही जाणवलं?"

तिनं चहाचा पेला खाली ठेवला.

"काउंटर मी परत हातात घेतलेला नाही," ती म्हणाली. "घेतला तर कळेल. म्हणून घेत नाही."