ओडीलकडचं नववं जेवण

पद्माकर नाबर लोकांच्या पत्रांवर जगायचा असं म्हटलं तरी चालेल. एडिनबरामध्ये, लीथच्या बाजूला, एका काळवंडलेल्या दगडी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर प्रवासाची पुस्तकं काढणारी एक छोटी कंपनी होती आणि तिच्या मध्य आफ्रिकेच्या पुस्तकाचा तो संपादक होता. साल १९९२. अशी पुस्तकं ताजी ठेवायची तेव्हा एकच रीत होती. शेवटच्या पानावर ऑफिसचा पत्ता छापायचा आणि वाचकांना विनवायचं, की बाबांनो, कुठलं हॉटेल बंद पडलं, कुठलं जेवण झकास होतं, ते आम्हाला कळवा. लोक कळवायचेही. मीनल ती पत्रं फोडून, शहरांप्रमाणे लावून त्याच्या टेबलावर ठेवायची. मीनल त्याच्या मित्राची मुलगी, ग्लासगोत जन्मलेली. मराठी घरापुरतं, पण तोंड भारी चालायचं.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी तिने एक पाकीट पुढे केलं.

"काका, हा पत्र बघा. दुआलाचा आहे. पण हे रेस्टॉरंट आपल्या बुकमध्ये नाहीच."

ब्रिस्टलच्या कुणा शिक्षिकेने लिहिलं होतं. तुमच्या पुस्तकाचे आभार. तुमच्यामुळे आम्ही दुआलाच्या कोळीवाड्याजवळ मादाम ओडीलच्या अंगणात जेवलो. निखाऱ्यांवर भाजलेला अख्खा मासा, वर आलं-मिरचीचं हिरवं वाटण, आणि सोबत पानात गुंडाळून उकडलेल्या कसावा कंदाच्या बोटभर जाडीच्या कांड्या. असं जेवण जन्मात जेवलो नव्हतो.

पद्माकरने पत्राची घडी घालून ते खणात टाकलं. "जुनी आवृत्ती असेल कुणाकडे," तो म्हणाला.

जुन्या आवृत्तीत काय होतं ते त्याला तोंडपाठ होतं. ते त्यानेच तर लिहिलं होतं.

पंच्याऐंशी साली पुस्तकाच्या कामासाठी तो तीन आठवडे दुआला या आफ्रिकेतल्या बंदरात होता. दिवसभर हॉटेलं आणि खाणावळी पालथ्या घालायच्या, वहीत टिपून घ्यायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याला ओडीलचं अंगण सापडलं. पाटी नाही, चार टेबलं, विटांवर ठेवलेली जाळी, आणि तिच्यामागे धुरात डोळे बारीक करून उभी असलेली पन्नाशीची दणकट बाई. पद्माकर वेंगुर्ल्याचा, मासे म्हणजे जीव की प्राण. तिसऱ्या दिवशी त्याने माशाचं डोकं असं काही चोखून साफ केलं, की ओडीलने शेजारणींना हाका मारून बोलावलं आणि ती ताटली सगळ्यांना फिरवून दाखवली. परक्या गावात एवढं कौतुक झालं की माणूस पाघळतोच. आठ दिवस तो रोज तिथेच जेवला. तुमचं नाव पुस्तकात घालतो, असं त्याने तिला मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगूनही टाकलं.

नवव्या दिवशी तो तापाने फणफणला. मलेरिया होता तो. खरं तर मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या असा कंपनीचा नियम होता, पण या गृहस्थाने गोळ्यांची बाटली पहिल्याच आठवड्यात बॅगेच्या तळाशी ढकललेली. आम्ही डासांत वाढलेली माणसं, आम्हाला कसल्या गोळ्या, असा तोरा! तो अंगाशी आला, आणि आता ऑफिसला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून पडल्या पडल्या त्याने वहीत लिहिलं, 'ओडीलकडे खाऊ नका. इथल्या माशाने मी आजारी पडलो.' एडिनबराला परतल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासून मलेरिया सांगितला, तरी ऑफिसात तो माशाचंच नाव घेत राहिला. प्रूफं आली तेव्हा ती ओळ खोडायला पेन्सिलीची एक रेघ पुरली असती. ती त्याने मारली नाही.

अठ्ठ्याऐंशी साली दुआला बंदरातल्या एका इंजिनिअरचं पत्र आलं. ओडीलचं अंगण बंद झालं आहे. जहाजांवरची, परदेशी कंपन्यांची माणसं तिच्याकडे यायची. पुस्तक वाचून त्यांनी पाठ फिरवली, मग गावातल्यांनीही. गेल्या पावसाळ्यात ती वारली. 'तुमची ओळ मीच तिला वाचून दाखवली होती,' त्याने लिहिलं होतं. 'ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, तो आजारी आहे असं कळलं म्हणूनच तर मी सूप घेऊन हॉटेलवर गेले होते. मग मला का नाही भेटला?'

ती आली होती. पद्माकर वर खोलीतच होता. वहीतली शाई अजून वाळली नव्हती, आणि त्याने खाली निरोप धाडला होता, की साहेब बाहेर गेलेत.

दुसऱ्या आवृत्तीतून त्याने ओडीलचं नाव गुपचूप काढून टाकलं. पण मन काही स्वस्थ बसेना. वेंगुर्ल्याच्या या माणसाने घरात मासा आणणंच बंद केलं. बायकोने कारण विचारलं तर उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

आणि आता ही पत्रं.

मंगळवारी लीड्सहून आलं. कडू पाल्याची शेंगदाणे आणि कोलंबी घातलेली भाजी, तळलेली पिकली केळी. बुधवारी स्वान्सीहून. त्यातला गृहस्थ लिहीत होता, 'आम्ही माशाचं डोकं टाकलं तेव्हा मादाम ओडील हसल्या. म्हणाल्या, माझ्याकडे एक जण यायचा, तो डोकंसुद्धा सोडत नसे.'

पद्माकरने जुनी वही काढून ताडून पाहिलं. पहिल्या दिवशी त्याने काय खाल्लं, दुसऱ्या दिवशी काय, तिसऱ्या दिवशी काय... पत्रं त्याच क्रमाने येत होती. अक्षर दर वेळी वेगळं, पाकीट वेगळं, गाव वेगळं. शनिवार-रविवार पोस्ट उघडायला कुणी नव्हतं, तर सोमवारी दोन एकदम निघाली. उलटटपाली त्याने ब्रिस्टलला पत्र घातलं, तर ते 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' असा शिक्का घेऊन परत आलं.

आठवं पत्र मंगळवारी आलं तेव्हा मीनलने खुर्ची ओढली आणि समोर ठाण मांडलं. "काका, व्हॉट्स गोइंग ऑन? तुम्ही जेवत नाही, बोलत नाही. सांगा मला."

त्याने सगळं सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग लिहा ना तसं. सॉरी म्हणायला किती शब्द लागतो?"

"लिहीन. नव्या आवृत्तीत. मार्चमध्ये..."

"मार्च?" मीनल हळूच म्हणाली. "काका, ती बाई एवढी थांबेल असा मला नाही वाटत."

बुधवारी दुपारी तीनला नववं पत्र आलं. इन्व्हर्नेसचं एक म्हातारं जोडपं.

'आम्हाला आज जेवण मिळालं नाही. मादाम ओडील अंगण बंद करून निघाल्या होत्या. हातात सुपाचं भांडं होतं. म्हणाल्या, माझा एक पाहुणा आजारी आहे, त्याला द्यायला जाते, पण तो कुठे राहतो ते कुणी सांगत नाही. आम्ही तुमच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा पत्ता दिला. चुकलं नाही ना आमचं?'

पद्माकरने टाइपरायटर पुढे ओढला. सात वर्षं जे जमलं नव्हतं ते पाव तासात झालं. आजार मलेरियाचा होता, गोळ्या न घेतल्याने झाला होता, मासा उत्तम होता, आणि या पुस्तकाने एका भल्या बाईचं नाव धुळीला मिळवलं. खाली सही ठोकून त्याने कागद मीनलच्या हातात दिला. "छापखान्यात नेऊन दे. आत्ताच्या आत्ता. नव्या आवृत्तीची वाट नको, पुढच्या प्रतींत चिठ्ठी चिकटवा म्हणावं."

"काका, तुम्ही एकटा राहणार?"

"जा तू. मी आहे इथे."

ती गेली. चार वाजले तसा बाहेर अंधार पडला. समुद्रावरून धुकं आलं होतं. खाली बसचा आवाज येऊन विरला आणि इमारत गप्प झाली. मग दाराच्या फटीतून धुराचा वास आत आला. लाकडी कोळशाचा धूर, त्यात आलं, त्यात मासा. पद्माकरच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहायला लागले.

जिन्यात पावलं वाजली. फट्... फट्... रबरी सपाता. दोन्ही हात भांड्यात गुंतलेलं माणूस चढतं तशी, एकेक पायरी चाचपत. दर मजल्यावर दम खायला थांबत. पहिला मजला. दुसरा. तिसरा. शेवटी पावलं त्याच्या दाराशी आली आणि थांबली.

तो उठून उभा राहिला. पाचावर धारण बसली होती, तरी बोलला. "मादाम... मी आहे. मी आत आहे. चुकलो मी... या ना आत..."

त्याने सगळा धीर गोळा करून दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. आणि पावलं पुन्हा वाजायला लागली. फट्... फट्... त्याच्या डोक्यावर, आणखी वर, आणखी वर. चौथा मजला हा त्या इमारतीचा शेवटचा मजला. त्याच्यावर जिना नव्हता, नुसतं छत होतं.

"मादाम!" तो ओरडला. "मी इथे आहे, खाली!"

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. तिथे पडदे शिवणाऱ्या म्हाताऱ्या बाई कठड्यापाशी आल्या आणि मान वर करून त्याच्याकडे बघायला लागल्या.

"मिस्टर नाबर, त्या तुमच्याकडे आलेल्या बाईंना सांगा ना, तुमच्या मजल्याच्या वर काही नाही म्हणून. इथे दम खायला थांबल्या तेव्हा मी सांगून पाहिलं. माझं फ्रेंच शाळेतलं, सगळं कळलं नाही. पण त्या म्हणाल्या, त्याला यायला अजून वेळ आहे, घाई नाही, मी वर थांबते."