चार हजार तीनवरची हाक

मांडवगण फराट्याच्या खाली भीमेच्या काठाला उपसा योजनेचं जॅकवेल आहे. काँक्रीटची खोल विहीरच ती. नदीचं पाणी आधी तिच्यात उतरतं, मग पंप ते वर फेकतात. दोन हजार चारच्या माघात गाळ काढायला ती कोरडी केली होती. नदीकडची झडप बंद, पंप बंद. तळाला संपत उतरला होता आणि वरच्या खोलीत संगणकापुढं त्याची थोरली बहीण अनुपमा बसली होती.

ती शिरूरहून आली होती एक डबा जोडायला. मीटरच्या तारा डब्यात जायच्या, डबा आकडे संगणकाकडे धाडायचा. त्यासाठी संगणकात नुसती नावाची, आभासी पोर्ट, म्हणजे आकडे आत यायची दारं, उघडायची, एकेका मीटरला एकेक. पद्धत यूडीपीची. म्हणजे धाडणारा हाक मारून मोकळा. ओ आली का, बघत बसत नाही.

"मग अडाणीच की तुझा डबा!" पंपावरचे हौसराव आप्पा तंबाखू मळत म्हणाले. "भर दुपारी आमी पहिल्या हाकेला ओ देत न्हाई. दुसरीलाबी न्हाई. माणूस असंल तर तिसऱ्यांदा हाक मारतंय. दुसरं काय असंल, तर ते दोनातच दमतंय."

"आप्पा, माझ्या डब्याला तंबाखू लागत नाही, तेवढा शहाणा आहे तो."

ऊन डोक्यावर आलं. वारा पडला. खालून गाळाचा कुबट वास येत होता आणि संपतच्या फावड्याचा खर्र... खर्र.

चार हजार तीन नंबरच्या, विहिरीच्या पातळीच्या पोर्टवर आकडा उमटला. पाणी, दोन फूट.

अनुपमाला हसूच आलं. विहिरीची पातळी सांगणारं मीटर सकाळीच काढलं होतं. तिच्या कोपराशी, तारा सुटलेलं, पडलं होतं. धाडणाऱ्याच्या पत्त्याचा रकाना तिनं कोरा सोडला होता. म्हणजे कुणाचीही हाक आत येणार. दुसरं कुठलं यंत्र बडबडत असेल, म्हणून तिनं संगणकाची नेटवर्कची वायरच उपटली.

तीन फूट.

"आप्पा... विहिरीत पाणी आहे का?"

"झडप मी सोता बंद केलीया. कोरडीठाक हाय..."

साडेचार फूट.

फावड्याचा आवाज थांबला होता.

ती उठली ती धावतच सुटली. कठड्याशी पोचून ओरडली, "संपत! वर ये!" हा खुटबावात, आप्पांच्याच रिवाजात वाढलेला, एका हाकेला हलायचा नाही, हे तिला ठाऊक. पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसती हवा.

तेवढ्यात शिडी वाजली.

चिखलानं माखलेला संपत कठड्यावर पाय टाकतो न टाकतो, तोच खाली दाणकन झडप फुटली. बघता बघता शिडीची मधली पायरीसुद्धा पाण्यात गेली. अनुपमानं भावाला मिठी मारली, मग एक सणसणीत चापट दिली, मग हसता हसता रडली.

"अगं, मारतीस का? तिसऱ्या हाकेला लगीच निघालो की!"

"तिसऱ्या?"

"आधी दोनदा मारलीस न्हवं? अगदी कानाशी आली हाक, म्हणून तर फावडं ठिवलं."

आप्पांनी गुळाचा चहा टाकला. तिघांनी तो फुर्र फुर्र आवाज करत, जिवंत माणसं पितात तसा प्याला. इतका गोड चहा अनुपमानं जन्मात प्याला नव्हता. कप ठेवता ठेवता तिनं हळूच विचारलं,

"आप्पा... या विहिरीत आधी कोण बुडून गेलं होतं?"

"कोण न्हाई, पोरी. बांधल्यापास्नं एकबी माणूस न्हाई." आप्पांनी पाण्याकडं बघितलं. "आज पहिला गेला असता..."