गळ काढलेला चमचा

"आंधळा आहे का हा!" मी पुटपुटले. अगदी मराठीत. दुबईत मराठीतून पुटपुटायची हीच तर सोय, कुणाला कळत नाही.

"आंधळा नाही, चष्म्यावर वाफ आलीये," तो म्हणाला. "आणि बहुतेक... मी गळाला लागलोय."

खरंच लागला होता! गारेगार टॅक्सीतून ऑगस्टच्या दमट उकाड्यात उतरलं की चष्मे असेच आंधळे होतात. हा महाशय तसाच आमच्या दुकानात आला आणि थेट गळांच्या स्टँडवर धडकला. शर्टाची बाही अडकली होती. मी सोडवायला गेले.

"सावकाश हं... शर्ट नवा आहे."

"गळही नवाच आहे."

तो हसला. वाफ गेली आणि चष्म्यामागचे डोळे दिसले. बाही सोडवायला मला जरा जास्तच वेळ लागला, हे कबूल करते.

"सॅमन पकडायचाय," तो म्हणाला. "नदीतला. कॅनडात, पुढच्या महिन्यात. तुम्ही एक्स्पर्ट ना?"

मी एक्स्पर्ट! कोथरूडची शुद्ध शाकाहारी मुलगी. एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात नोकरी लागली आणि नशिबात मासेमारीचा विभाग आला. मासा मी फक्त कॅटलॉगमध्ये पाहिलेला. पण त्या डोळ्यांना 'नाही' म्हणवेना. "अर्थात," मी म्हणाले, आणि घरी जाऊन सॅमनचे व्हिडिओ बघत बसले.

त्याचं नाव वेदांग. पार अबुधाबीच्या पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर. सुट्टी मिळाली की तिथून एवढ्या लांब दुबईला यायचा, आणि आला की दुकानात यायचाच.

"कॅनडात एक काका आहेत," त्याने सांगितलं. "सॅमनचे वेडे. त्यांची परीक्षा पास झालो की माझं तिकडचं पक्कं."

नोकरीचं असणार, मी धरून चालले. विचारलं नाही.

मग आमची शिकवणी सुरू झाली. सॅमनसाठी खोटं आमिष लागतं. पत्र्याचं चमच्यासारखं पातं, शेपटीला गळ. पाण्यातून ओढलं की लचकत पोहतं; त्याला म्हणतातही चमचाच. पाणी गढूळ असेल तर भडक नारिंगी. स्वच्छ असेल तर तांब्याचा, लहानसा. पाणी थंड असेल तर जड चमचा, आणि तोही सावकाश.

"पंचेचाळीस दिरहॅम? म्हणजे हजार रुपयांचा चमचा!" तो ओरडला. "एवढ्यात आईचा जेवणाचा सेट येईल."

"मग सेट घेऊन जा कॅनडाला."

"बरं, सॅमन असला चमचा गिळतो तरी कशाला? भूक लागते म्हणून?"

"छे. नदीत शिरला की सॅमन खाणंच सोडतो. समोर कुणी सारखं नाचलं की चिडून तोंड मारतो म्हणे."

"मीपण सारखा समोर येतो... तू चिडत नाहीस?"

"चिडते की."

"चावली नाहीस अजून," तो म्हणाला, आणि मी उगाचच बिलाच्या मशीनशी खेळत बसले.

एका संध्याकाळी आम्ही चमचे घेऊन जुमेरा लेक टॉवर्सच्या तळ्यावर गेलो. गळ काढून घेतले होते, कुणाला लागायला नको. तरी सिक्युरिटीचे मोईनभाई आलेच. "मछली पकडना मना है, मॅडम."

"पकड़ नहीं रहे, भाईजान," वेदांग गंभीरपणे म्हणाला. "चम्मच को तैरना सिखा रहे हैं।"

मोईनभाई हसत निघून गेले. वेदांगने रीळ माझ्या हातात दिलं, वरून स्वतःचा हात ठेवला. नारिंगी चमचा पाण्यात लचकत येत होता, आणि माझं पाण्याकडे लक्षच नव्हतं.

"तू असतीस ना तिथे, नदीवर..." तो म्हणाला. वाक्य त्याने तिथेच सोडलं. उरलेलं माझं मीच पूर्ण केलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. पुण्याच्या तन्मयचं स्थळ. मुलगा चांगला होता, मलाही आवडला असता. "नाही कळव," मी म्हणाले.

"का गं? कुणी आहे का?"

"आहे एकजण. त्याची परीक्षा आहे. झाली की सांगते."

परीक्षा आमच्या दुकानातच झाली. आपली संध्याकाळ, तिकडची सकाळ. व्हिडिओ कॉलवर कॅनडाचे शैलेंद्रकाका. वेदांग फोन धरून उभा, मी फोनच्या मागे, त्यांना दिसणार नाही अशी.

"पाऊस पडून नदी गढूळ झालीये. काय लावशील?"

मी नारिंगी चमचा उंच धरला. "नारिंगी, काका."

"आणि पाणी निवळलं?"

मी तांब्याचा दाखवला. हसू दाबता दाबता माझे गाल दुखायला लागले.

"बरं, गळ कसला?"

वेदांग गडबडला. मी पक्कड उचलली आणि गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. "उलटा काटा... दाबलेला, काका."

"शाब्बास! आमच्याकडे मासा सोडून देता आला पाहिजे." काका खदखदून हसले. "ईशानी, ये गं! तुझा नवरा पास झाला! आता साखरपुडा उरका, चला चला... यल्ला म्हणतात ना तुमच्याकडे?"

बांगड्यांचा आवाज. मग एका मुलीचा, गोड. "फायनली! आय टोल्ड यू, बाबा!"

माझ्या हातात अजून पक्कड होती. वेदांगने माझ्याकडे पाहिलं नाही. तो स्क्रीनकडे बघून हसत होता.

कॉल संपला. "आभा... मी सांगणारच होतो."

"कधी? पत्रिका छापल्यावर?"

"घरच्यांनी जमवलंय गं. रुवैसमध्ये माणूस एकटा पडतो... तुझ्याशी बोललं की बरं वाटायचं. तू मला खरंच आवडतेस."

इतके दिवस हेच ऐकायचं होतं ना मला? "मग लाव फोन," मी म्हणाले. "काकांना सांग हे. आत्ता."

त्याने फोनकडे पाहिलं. मग खिशात ठेवला.

"खलास," मी म्हणाले आणि चमचे बॉक्समध्ये भरायला लागले. नारिंगी, तांब्याचा, जड, हलका. सगळे बरोबर दिले. एकही चुकीचा दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तळ्यावरचा चमचा त्याने खिशातून काढून काउंटरवर ठेवला. "हा तुझ्याकडे राहू दे. आठवण म्हणून."

"याचा गळ आपण काढला होता ना, वेदांग?"

"हो. का?"

"मग मला कसा लागला?"

तो बॉक्स उचलून निघाला. दाराबाहेर पाऊल टाकताच त्याच्या चष्म्यावर वाफ आली. तो थांबला, काचा पुसत राहिला. वळेल, मला वाटलं... वळला नाही. टॅक्सीला हात केला आणि गेला.

घरी आल्यावर आईला फोन केला. "आई, ते पुण्याचं स्थळ..."

"अगं, त्यांचं दुसरीकडे ठरलं. तूच म्हणालीस ना, नाही कळव? बरं, ते जाऊ दे. तुझ्या त्या मुलाचं काय? झाली का परीक्षा?"

"झाली."

"मग?"

"पास झाला, आई," मी म्हणाले. "मीच पास केलं त्याला."